कोलारचा टँकर

आप्पाजींनी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा वेदांत डोक्यापासून गुडघ्यापर्यंत साबणात होता. दहा मिनिटं त्यानं नळाकडे पाहिलं. नळानंही त्याच्याकडे पाहिलं. मग टॉवेल गुंडाळून, फोन हातात घेऊन तो तीन मजले उतरला.

खाली पार्किंगमध्ये सोसायटीची तातडीची सभा भरली होती. मधोमध स्टुलावर परात, परातीत टाकीतलं पाणी आणि पाण्यात चमचमणारे पिवळे कण.

"आप्पाजी, अकरा वाजता अंजलीचे बाबा येतायत. मला पहिल्यांदाच बघणार आहेत. आज नाही म्हणाले तर लग्न मोडलं. दोन बादल्या तरी सोडा!"

"स्वल्प थांबा, वेदांत," अध्यक्ष आप्पाजी आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाले. "कालचा टँकर कोलारकडून आला होता."

"मग?"

आप्पाजींनी शेजारच्या सोसायटीच्या भिंतीकडे बघून आवाज खाली आणला. "सोन्याच्या खाणी कुठे होत्या?"

वेदांतनं कपाळावरचा फेस पुसायला हात उचलला, तशा पहिल्या मजल्यावरच्या चंपाक्का ओरडल्या, "पुसू नका! अंगावर आहे ते सगळ्यांचं आहे!"

त्याला परातीत उभं करावं का, यावर थोडी चर्चा झाली. परात लहान पडली.

तेवढ्यात आप्पाजींनी बोलावलेला सयाजी आला. मूळचा विट्याकडचा, चिकपेठेच्या गल्लीत त्याचं सोनं गाळायचं दुकान. टॉवेलातल्या माणसाकडे त्यानं एकदा पाहिलं आणि काही न विचारता परातीशी उकिडवा बसला. एक कण बोटावर घेऊन उन्हात धरला. चमकला. वर दुसऱ्या हाताची सावली केली. विझला.

"सोनं सावलीत बी सोनंच दिसतं," तो म्हणाला. मग खिशातली सुई काढून कण दाबला. "आन् दाबलं की पसरतं. ह्याचा बघा, चुरा झाला. अभ्रक हाय."

वेदांत व्हॉल्व्हकडे धावला. आप्पाजी आधीच तिथे उभे होते.

"हा एक झाला," ते म्हणाले. "पुढचा."

"अहो, सगळे एकाच टाकीतले आहेत!"

"आपणही सगळे एकाच सोसायटीतले आहोत. सगळे मेंटेनन्स भरतात?"

सयाजीनं दुसरा कण दाबला. चुरा. तिसरा. चुरा. चंपाक्का घरून डबा घेऊन आल्या. "आमच्या नळाचे बघा, आमच्याकडे जाड येतात." जाड कणांचा जाड चुरा झाला. वेदांतच्या अंगावरचा साबण वाळून कातडी ताणली जायला लागली. डावी भुवई वर गेली ती तिथेच राहिली. फोन वाजला.

"बाबा वळणावर आलेत," अंजली म्हणाली. "तू तयार आहेस ना? त्यांचं एकच असतं, मुलगा नीटनेटका हवा."

"तयार आहे," वेदांत म्हणाला. त्याला ओठ फारसे हलवता येत नव्हते.

बाविसाव्या कणाला आप्पाजींनी सुस्कारा सोडला. "सरी, ठीक आहे," असं म्हणून त्यांनी व्हॉल्व्हला हात घातला, आणि त्याच क्षणी फाटकातून गाडी आत आली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ उतरले. त्यांनी परात पाहिली, सुई पाहिली. मग टॉवेलातला, चमचमत्या कपाळाचा, एक भुवई उंचावलेला तरुण पाहिला.

कुणीतरी बोलायला हवं होतं. आप्पाजी अध्यक्ष होते. ते हात जोडून पुढे झाले.

"नमस्कार. हे आमचे तिसऱ्या मजल्यावरचे वेदांत. काळजी नको. यांच्या अंगावर आहे ते सोनं नाही, आम्ही तज्ज्ञ बोलावून तपासून घेतलंय."

वेदांतनं हसायचा प्रयत्न केला. गालावरचा साबण तडकला आणि एक पापुद्रा सुटून सयाजीच्या पुढ्यात पडला.

सयाजीनं सवयीनं त्याला सुई लावली आणि अंजलीच्या बाबांकडे बघून नकारार्थी मान हलवली.