दुसरं उत्तर

थोरला भाऊ माझ्याच ऑफिसात होता. तो रोज यायचा, पण हजेरी लागायची नाही. साहेबांनी त्याला शेवटची ताकीद दिली, तेव्हा मी हजेरीचा प्रोग्रॅम उघडला.

दाराला कार्ड टेकवलं की डेटाबेसला एका दमात दोन कामं जायची: दार उघड, आत आल्याची नोंद कर. आमचा प्रोग्रॅम पहिल्याचं ‘ठीक’ वाचून खूश व्हायचा. दुसऱ्याचं उत्तर कुणी मागायचंच नाही. आज मी ते मागायला लावलं.

"टेकव कार्ड, दादा," मी फोनवर म्हणाले.

माझ्या स्क्रीनवर आलं, ‘दार: ठीक.’ त्याखाली लाल अक्षरं.

"पकडला चोर!"

"काय म्हणतोय?"

"नोंद नाकारली. ही व्यक्ती आधीच आत आहे." पुढे खोलीचा नंबर होता. माझ्याच.

दादा हसला. "माझ्याआधी मीच पोचलो की काय? अगं, मी खाली दारातच आहे."

मीही हसले. मग तेच हसू माझ्या पाठीमागून आलं. खांद्यावर ओळखीचा हात पडला.

"शाब्बास," दादा कानाशी म्हणाला. "आता खालच्याला आत घेऊ नकोस."