नाव बोला

“असं समज आई, समोर बिबट्या आहे आणि तू घाबरलीयस. आता या मोबाईलला सांग, कुणाला बोलवायचं ते.”

म्हाळसाबाईनं हातातला कागद लांब धरून पाहिला. कागदावर मोबाईल छापला होता. त्यात मोठा लाल गोल आणि गोलाखाली दोन शब्द: नाव बोला. संकटात नुसत्या आवाजानं फोन लावणारं सृष्टीचं ॲप अजून तयार व्हायचं होतं. ती कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्टच्या स्क्रीन आधी कागदावर छापा, घरोघरी दाखवा आणि माणूस कुठं अडतो ते बघा, असं सरांनी सांगितलं होतं. मध्ये बोलायचं नाही की मदत करायची नाही. माणूस अडला तर चूक स्क्रीनची.

म्हाळसाबाई अडली होती. तिनं लाल गोलावर बोट बरोबर ठेवलं होतं. त्यानंतर मात्र ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

“बोल की,” सृष्टीनंच नियम मोडला. “आप्पांचं नाव घेतलंस की मी पुढचा कागद ठेवते. त्यात त्यांना फोन लागलाय.”

“मला न्हाई घेता येत.”

“लग्नात उखाण्यात घेतलंस की!”

“त्ये देवाम्होरं. त्याला दोष न्हाई. एरवी मालकाचं नाव घेतलं की त्येंचं आयुष्य कमी व्हतं.”

“हे आता कोण मानतं, आई?”

“मी मानते.”

ती थट्टा करत नव्हती. तिच्या थोरल्या जावेनं एकदा भांडणात नवऱ्याला नावानं हाक मारली आणि तो त्याच दिवाळीला गेला. दारूनं गेला, हे सगळ्या पिंपळवंडीला ठाऊक होतं. म्हाळसाबाईला मात्र ती हाकच आठवायची आणि अंगावर काटा यायचा.

सृष्टीनं कागदाच्या कडेला ‘अडली’ असं लिहिलं आणि वैतागून मान वर केली.

अंगणापलीकडं आप्पा उकिडवे बसून मेंढरांसाठी घास कापत होते. कळप कधीच मोडला होता, पण चार मेंढरं त्यांनी हौसेनं ठेवली होती. त्यांच्या पाठीमागं शेजाऱ्याचा तुटायला आलेला ऊस उभा होता. त्या उसाच्या कडेची पाचट हलली. वारा तर पडलेला होता.

पाचटीतून बिबट्याचं डोकं बाहेर आलं. मग खांदे आले. पोट जमिनीला लावून तो आप्पांकडं सरकू लागला.

बसलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आप्पांनाही माहीत होतं. पण घास काही उभ्यानं कापता येत नाही.

सृष्टीनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. कागद तिच्या हातातून सुटून ओट्यावर पसरले.

“अवं!” म्हाळसाबाई ओरडली.

“आलो, आलो,” आप्पा मान वर न करता म्हणाले. चहाला, जेवायला, मोटार बंद करायला त्या घरात तीच हाक होती. त्यांचा विळा चालूच राहिला.

बिबट्या आणखी पुढं आला. आता त्याच्यात आणि आप्पांच्या पाठीत एका झेपेचं अंतर होतं. ‘वाघ’ एवढं ओरडायला हवं होतं, पण दोघींपैकी एकीलाही ते सुचलं नाही. इतकी भीती वाटली की माणसाचं डोकंच बंद पडतं.

“राघूऽऽ!”

आप्पा ताडकन उभे राहिले. त्यांची आई गेल्यापासून या दारात त्यांना कुणी नावानं हाक मारली नव्हती. त्यांनी मागं पाहिलंच नाही. विळा हातात तसाच धरून, तोंडाचा आ करून ते बायकोकडं बघत राहिले.

त्यांच्या पाठीमागं बिबट्या थबकला. समोरच्या शेळीचा अचानक पुरुषभर उंच माणूस झाला होता. तो वळला आणि उसात शिरला. उसाचे शेंडे लांबपर्यंत हलत गेले. मग कुठं सृष्टीला आवाज फुटला आणि ती किंचाळली.

आळीतली माणसं काठ्या घेऊन धावत आली. कुणी डबे बडवले, कुणी फटाके लावले. घासात उमटलेले पंजे पाहिले तेव्हा कुठं आप्पांना कळलं, मागं काय होतं ते. कसेबसे ते ओट्यापर्यंत आले.

म्हाळसाबाई पंजे बघायला गेली नव्हती. ती ओट्यावर बसून तोंडाला पदर लावून रडत होती.

“आई, गेला तो,” सृष्टीनं तिला मिठी मारली. “आता कशाला घाबरतेस?”

“मी नाव घेतलं गं,” म्हाळसाबाई हुंदके देत म्हणाली. “माझ्या तोंडानं घेतलं. आता ह्येंचं आयुष्य…”

आप्पांनी विळा खाली ठेवला. एवढ्या माणसांत कधी बसले नव्हते तसे ते तिच्या शेजारी टेकले.

“अगं, माझं तर मघाशीच संपलं व्हतं,” ते म्हणाले. “आता ह्ये हाय त्ये तुझं. त्यातलं पायजे तेवढं कमी कर.”