जोडीची धवलारीण

"दार लोट पयला," पुतळाबाई म्हणाली, आणि उन्नतीने दार लोटलं.

शिरवणे गावातून मुकाट पाय काढायच्या बेतात असताना म्हातारीने तिला हाक मारून आत घेतलं होतं. सकाळपासून उन्नतीच्या हाती काही लागलं नव्हतं. पुरुषावर जीव जडणारे पुरुष, बाईवर जीव जडणाऱ्या बाया, जन्माने मिळालेला देह आपला न वाटणारी माणसं. अशी वयात आलेली माणसं शहरात किती आहेत आणि कशी जगतात, याची एक संस्था पाहणी करत होती; उन्नती तिच्याच कामावर होती. नाव विचारायचं नाही, सांगतील तेवढं ऐकायचं. पण बातमी तिच्या आधीच गल्लीत पोचलेली. पानाच्या टपरीवरच्या एकाने तर वाट दाखवल्यासारखा हात केला होता. मॅडम, आमचे गावान तसला काय पिकत नाय, सीवूड्सला जा, मॉलमदी मिलंल. बाकीचे पोट धरून हसले होते.

पुतळाबाईने पंखा लावला, पाण्याचा तांब्या पुढे केला. इमारत पोरांनी बांधलेली. पहिल्या मजल्यावर ते राहायचे, वरचे मजले भाड्याने, तळातली ही खोली तिची. तिने काही आडपडदा ठेवला नाही. मोनाली तिची धाकटी. अबोली नावाच्या मुलीबरोबर सीवूड्सला राहते, नवराबायको राहतात तशी. भावांनी दार बंद केलं. गौरीच्या सणालासुद्धा पोरीला बोलावलं नाही. म्हणे, आमची बहीणच नाही ती. तर उन्नतीने आपल्या मोजणीत तिला धरावं, आणि ह्या घरात धरावं. सरकार मोजो नाहीतर संस्था, घरची पोर घरात मोजली पाहिजे.

उन्नतीला गलबलून आलं. तिची स्वतःची लेक अजून अंगावर पीत होती. तिला सासूजवळ ठेवून ती दारोदार हिंडत होती. पण कामाचा पहिला नियमच तो होता. ज्याचं त्यानेच सांगायचं. आईने मुलीचं नाही, नवऱ्याने बायकोचं नाही. हे म्हातारीला कसं सांगावं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती, तोवर म्हातारी भलतीकडेच निघून गेली होती.

ती बाळाबाईचं सांगत होती. तेव्हा सेक्टर-बिक्टर काही नव्हतं. गावाच्या खालच्या अंगाला भातशेती, तिच्यापलीकडे मिठागरं, आणि भरती आली की खाडीचा वास थेट चुलीपर्यंत. लग्नाला धवले गाणाऱ्या बायका असत, त्या धवलारिणी. त्यांच्यात पुतळा आणि बाळाबाई ही सगळ्यात कोवळी जोडी. करावे, दारावे, सारसोळे, हळद कुठेही लागो, बोलावणं दोघींना मिळून. बाळाबाईचा आवाज जाड, खड्याच्या मिठासारखा. पुतळाने ओळ उचलायची आणि बाळाबाईने ती शेवटाला झेलायची. कुणाचा श्वास कुठे संपला आणि कुणाचा कुठे सुरू झाला, मांडवात कुणाला कळायचं नाही. परतताना बांधावरून बाळाबाई पुढे, आणि तिच्या ओल्या पावलात पाऊल टाकत पुतळा मागे. हिचा पाय चिखलात रुतला की ती वळून न बघताच मागे हात करायची. कसं कळायचं कोण जाणे. घरी गेल्यावर गूळ-आल्याचा कोरा चहा, एकाच पितळीत. दुसरी पितळी घरात होती, पण ती कुणी काढायचं नाही.

उन्नतीने हळूच घड्याळ पाहिलं. लेकीची दुधाची वेळ होत आली होती, छाती जड झाली होती. म्हाताऱ्या माणसांचं असंच, तिला वाटलं. एकदा जुनं सुरू झालं की कशासाठी बोलावलं तेही विसरतात. पण मध्येच तोडायचं नाही, असं तिला शिकवलेलं. ती हूं हूं करत राहिली.

मग बाळाबाईचं लग्न ठरलं, उरणकडे. धवले अर्थात पुतळानेच म्हणायचे. हळदीला तिने पहिली ओळ उचलली आणि झेलायला पलीकडे कुणीच नव्हतं. झेलणारी समोर पाटावर बसली होती, हळदीने माखलेली, मान खाली घालून. ओळ तशीच अधांतरी राहिली. पुतळाचा गळा बसला तो बसलाच. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. आईने मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. पुढे तिचंही लग्न झालं. माणूस देवासारखा मिळाला, पोरं झाली, जमिनी गेल्या, इमारती आल्या. धवला मात्र तिने पुन्हा तोंडात घेतला नाही. आपली सासू एके काळी गायची, हे सुनांना ठाऊकसुद्धा नाही.

ती थांबली, तसा उन्नतीने धीर केला.

"मावशी, मोनालीताईंचं मी नाही हो लिहू शकत. तुमचं मन कळतंय मला. पण आमच्यात ज्याचं त्यानेच सांगावं लागतं. ह्या घरात राहणाऱ्या कुणी स्वतःचं सांगितलं, तरच हे घर धरता येतं. नाहीतर कोरं सोडायचं, शेजारच्यांसारखं."

वर सुनेचा मिक्सर सुरू झाला आणि थांबला. उन्नती पिशवी खांद्याला लावून उठली. म्हातारीने तिचं मनगट धरलं आणि तिला पुन्हा खाली बसवलं.

"मंग माजा लिव," ती म्हणाली. "मगापासून तेच तं सांगतंय तुना."