डावीकडून तिसरे

“आजी, श्वास बाजूला सोडा,” फुंकर म्हणाली. “काचेवर नको.”

आजींनी निमूटपणे तोंडावर रुमाल धरला. शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेनेही धरला. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या खोलीत माणूस आपोआप शहाण्यासारखा वागायचा.

फुंकर हे अर्थातच खरं नाव नव्हे. जुन्या काचांवर तोंडाने फुंकर मारायची नाही, हे तिने छायाचित्र जतन विभागात येईल त्याला इतक्यांदा बजावलं होतं, की शेवटी लोकांनी तिलाच ते नाव चिकटवलं.

उजेडाच्या टेबलावर वीतभर काच होती. त्र्याऐंशी वर्षांपूर्वी एका फोटोग्राफरने तिच्यावर धरणावरचे नऊ कामगार टिपले होते. महिन्याभरातच पूर आला. नऊ जणांनी पाय रोवून हातांनी एकेक दरवाजा उघडला. खालचं गाव वाचलं, आणि ते नऊ जण पाण्याबरोबर गेले. एकाचाही देह मिळाला नाही. स्मारकावर नऊ नावं आहेत आणि खाली एकच ओळ: यांतला एकही मागे फिरला नाही.

त्यातले एक आजींचे वडील. आजी तेव्हा आईच्या पोटात होत्या.

बाप म्हणून त्यांच्याकडे होतं ते स्मारकाच्या पुस्तिकेतल्या फोटोतून एकट्याचंच कापून फ्रेम केलेलं बोटभर चित्र. नाक कुठे संपतं नि मिशी कुठे सुरू होते, याचा पत्ता नाही. आता डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. जिवाचे नव्हे, नजरेचे. त्याआधी एकदा बाप नीट पाहायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

फुंकरने तीन महिने कापसाच्या बोळ्याने काचेवरची बुरशी टिपली होती. घाई केली असती तर बुरशीबरोबर एखाद्याचं नाकही आलं असतं.

“बघायचं?” म्हणून तिने पडदा सुरू केला.

भिंतभर नऊ माणसं उभी राहिली. सून बोलायची थांबली, आणि हे सहसा घडत नसे. पायांना लागलेला ओला चिखल दिसत होता. एकाच्या बाहीवरच्या ठिगळाचे टाके मोजता येत होते. माणसं जाऊन त्र्याऐंशी वर्षं झाली होती आणि त्यांच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. फुंकरने ते आधी शंभरदा पाहिलं होतं, तरी ती पुन्हा पाहत राहिली.

जाड मिशीवरून तिने आजींनी आणलेल्या फ्रेममधला चेहरा शोधला आणि मोठा केला.

“बाबा,” आजी म्हणाल्या.

मग त्या त्याच्याशी बोलायलाच लागल्या. आईने ते गाव सोडलं, दूरच्या शहरात खोली घेतली, वगैरे सगळं.

“आमचे काका होते, बाबा, म्हणून आम्ही तरलो. पुरानंतर वर्षाने मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले आणि जन्मभर राहिले. मला शाळेत त्यांनीच घातलं. रोज सकाळी तुमची काच पुसायचे. पुसता पुसता हसायचे. मी विचारलं, का हसता? तर म्हणाले, तुझा बाप फार देखणा होता गं.” आजींनी डोळे पुसले. “एकदा मी त्यांनाच बाबा म्हटलं. केवढे चिडले! म्हणाले, तुझा बाप भिंतीवर आहे, परत असं म्हणायचं नाही.”

सुनेला गप्प बसवेना. “पण इथे खिसा डाव्या बाजूला आहे,” ती म्हणाली. “फ्रेममध्ये उजवीकडे. आम्ही घरात थट्टा करायचो, आजोबांचा शिंपी डावखुरा होता म्हणून.”

फुंकरने फ्रेम हातात घेतली, पडद्याकडे पाहिलं आणि काचेचं कागदी पाकीट ओढून घेतलं. त्यावर फोटोग्राफरने स्वतः नावं लिहिली होती, डावीकडून ओळीने. तिने पडद्यावरची माणसं मोजली. पुन्हा मोजली.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? म्हातारीचं समाधान झालं होतं. पण खोटंच पुढे द्यायचं तर ही काच दोनशे वर्षं टिकवायची तरी कशाला?

“आजी,” ती म्हणाली, “चित्राचा थर काचेच्या एकाच बाजूला असतो. पुस्तिकेसाठी कुणीतरी काच उलटी धरून फोटो छापला. म्हणून तो धूसर आला आणि डावं-उजवं बदललं. नावं मात्र पाकिटावरची तशीच उतरवली. तुमचे वडील डावीकडून तिसरे. हे... हे सातवे आहेत, उलट्या फोटोत तिसरे दिसले.”



“म्हणजे मी जन्मभर दुसऱ्याच्याच बापाला बाबा म्हणत होते?” आजींना रडावं की हसावं कळेना. “आणि माझा बाप शेजारीच उभा राहून ऐकत होता? पुस्तिकेतल्या त्या फोटोत मी दुसऱ्या कुणाकडे कधी पाहिलंच नाही हो.”

“माफ करा, आजी.”

“तुम्ही कशाला माफी मागता? दाखवा तो तिसरा. नजर आहे तोवर दाखवा.”

फुंकरने चित्र हळूहळू सरकवलं. सहावा गेला, पाचवा गेला, चौथा गेला. तिसऱ्यावर ती थांबली आणि चेहरा भिंतभर मोठा केला. सडपातळ तरुण, पुढे आलेले कान, मधोमध तुटलेली भुवई.

आजींच्या हातातला रुमाल खाली पडला. त्या खुर्चीचा हात धरून उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि त्या भुवईवर त्यांनी बोट ठेवलं.

“हे तर काका,” त्या म्हणाल्या.