नमुन्याचा दरवाजा

रायोंग शहरातल्या आमच्या कारखान्यात गाडीचे दरवाजे डोळ्यांनी नाही, तळहाताने तपासतात. पातळ सुती हातमोजा घालायचा, डोळे मिटायचे आणि पत्र्यावरून हात फिरवायचा. केसाएवढा पोचाही हाताला कळतो.

त्या दिवशी जेवणानंतरचा पहिलाच दरवाजा कोमट लागला. उन्हाने तापल्यासारखा नाही, ताप आलेल्या माणसाच्या काखेसारखा. हात उचलला तर हातमोजा ओला, आणि त्याला आंबूस घामाचा वास. मी तो लगेच उतरवला.

शेजारच्या टेबलावरच्या वानलापानेही हात लावला आणि झटकन मागे घेतला. "शी! नोईताई, दाबलं तर आत जातंय गं हे!"

आमचे साहेब, सोमकियात, लांबूनच म्हणाले, "पोचा आहे? ओरखडा? रंगात फोड?"

"नाही. पण हात तर लावून बघा," मी म्हटलं.

"कशाला? मापात आहे ना? किळस हा दोष नाही, बाई."

वाद झाला की आमच्याकडे एकच रीत आहे. साहेबाने सही करून तो माल नमुना म्हणून टांगायचा, आणि पुढचा प्रत्येक नग त्याच्याशी ताडून घ्यायचा. मी संतापून बोलून गेले, "एवढी खात्री आहे तर करा सही, टांगा याला!"

त्यांनी सही केली. टांगला.

संध्याकाळपर्यंत आलेला एकूण एक दरवाजा नमुन्याशी जुळला: तसाच कोमट, तसाच ओला.

शेवटच्या दरवाजावर मी डोळे मिटून हात ठेवला. माझा स्पर्श होताच, किळस आल्यासारखा, त्या पत्र्यावर सर्रकन काटा आला.