चौथी काडी

सासर कायमचे सोडताना शर्वाणीने स्वतः वाढवलेल्या लॅव्हेंडरच्या चार काड्या तेवढ्या कापून आणल्या. माहेरी आईने तुळशीबरोबर त्यांनाही रोज तांब्याभर पाणी घातले आणि तीन कुजल्या. चौथी शर्वाणीने आपल्या खोलीच्या खिडकीत, वाळूच्या कुंडीत, आईच्या हातापासून दूर जगवली.

त्या काडीवर कळी दिसली, त्याच दिवशी मामी स्थळ घेऊन आली. “बिजवर असला तरी सज्जन आहे. तुझं सगळं ऐकूनही हो म्हणाला, अजून काय हवं?” मग खिडकीकडे बोट दाखवून ती हसली. “बघ, काडीसुद्धा फुलायला निघाली!”

शर्वाणीने कळी नखाने खुडली. जीव तिचाही क्षणभर हळहळला.

“अगं, अपशकुन!” मामी ओरडली.

“आत्ताच फुलली, तर सगळा जोर फुलात जाईल. मुळं धरणार नाहीत,” शर्वाणी म्हणाली. “त्यांना माझा नकार कळव.”

दारात उभी असलेली आई म्हणाली, “लोक पुन्हा पुन्हा विचारतील गं.”

“विचारू देत.” शर्वाणीने पानांमागे दडलेली दुसरी कळी शोधली आणि तीही खुडून खिडकीबाहेर टाकली.