मुदत संपलेला डबा

"ताई, मुलाच्या ऑपरेशनसाठी दिलेल्या परवानगीची मुदत संपलीय. आता चौकात पैसे मागता येणार नाहीत," हवालदार समजुतीने म्हणाले.

वैजंताने मदतीचा डबा छातीशी धरला. डब्यावर मल्हारचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता.

"मागत नाही साहेब. बघा ना."

डब्याच्या फटीवर तिने चिकटपट्टी लावली होती. हवालदारांना कळेना.

"मग उन्हात उभ्या कशाला राहता?"

तेवढ्यात सिग्नलला एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने फोटोकडे बघत विचारलं, "काय ताई, बरा आहे ना पोरगा आता?"

"बरा आहे, दादा." ती हसली.

रिक्षा गेली. वैजंता बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

"तेराव्यापासून घरात कुणी त्याचं नाव काढत नाही, साहेब. इथं अजून विचारतात."